पालखीचा सरासरी वेग

"गुरुजी, देवीचा वेग काढून द्याल काय?"

तात्या मांडवकर शाळेच्या पायरीवर बसून विचारत होते आणि मी फळा पुसत होतो. डस्टर हातात तसंच राहिलं. तात्या म्हणजे दाभीळखोलचे मानकरी. त्यांनी होकार दिल्याशिवाय जुगाईची पालखी देवळातून हलायची नाही. असा माणूस सकाळी सकाळी सुक्या बांगड्यांचं पुडकं घेऊन शाळेत येतो आणि देवीचा वेग विचारतो, तेव्हा आपले कान ठिकाणावर आहेत का, हे आधी बघावं लागतं.

"कसला वेग, तात्या?"

"तुमी पोरांना शिकवलात तोच की. अंतर भागिले वेळ."

हे खूळ गावात शिरलं ते माझ्याच वर्गातून. मी मूळचा बार्शीचा, नोकरीनं मला कोकणात आणून टाकलेलं. नववीला 'सरासरी वेग' शिकवताना मी पोरांना सांगितलं, की घराभोवती जे जे हलतं त्याचा वेग मोजून आणा. पोरांनी आठवडाभर कुणालाही सुखानं चालू दिलं नाही. चढावरची एसटी मोजली, म्हैस मोजली, पोस्टमनची सायकल मोजली, कोंबडी मोजायला गेले तर ती सरळ रेषेत पळेना म्हणून तिच्या मालकाशी भांडण करून आले. फळ्यावर सगळे वेग उतरत्या क्रमानं लिहिले, तेव्हा सगळ्यात खाली नाव आलं भागीरथीकाकींचं. ताशी दीड किलोमीटर. म्हशीच्याही खाली.

भागीरथीकाकी माझ्या घरमालकीण. साठी उलटलेली, गुडघे गेलेले, हातात कायम शिसवी काठी. मी त्यांच्या पडवीतल्या खोलीत राहायचो आणि त्यांच्याच हातचं जेवायचो. फळ्यावरची बातमी त्यांच्या कानावर गेली त्या रात्री आमटीत मीठ नव्हतं. घरमालकिणीचा वेग पोरांना जाहीर करू देणाऱ्यानं अळणी आमटी गुपचूप प्यावी.

तर तात्या. मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसलो आणि त्यांनी मला सगळं पुन्हा सांगितलं. मला ते ठाऊक होतं. दाभीळखोलात राहणाऱ्या माणसाला ते ठाऊक नसणं शक्यच नव्हतं.

दाभीळखोलची जुगाई आणि पऱ्ह्यापलीकडच्या, म्हणजे ओढ्यापलीकडच्या, उंबरगाणीची पावणाई या सख्ख्या बहिणी. दर शिमग्याला दोघींच्या पालख्या आपापल्या गावातून निघायच्या आणि पऱ्ह्यावरच्या साकवावर भेटायच्या. पालखीच्या दांडीला दांडी टेकली की भेट झाली. रीत अशी, की धाकटीनं आधी येऊन थांबायचं आणि थोरलीनं मागून यायचं. आता थोरली कोण? दाभीळखोल म्हणतं जुगाई, उंबरगाणी म्हणते पावणाई. पूर्वीचे लोक शहाणे होते, ते हा प्रश्न विचारतच नसत. पण एका वर्षी कुणीतरी विचारला. तेव्हापासून दोन्ही पालख्या आपापल्या बाजूच्या झाडीत दबा धरून बसायच्या, समोरची आधी येईल म्हणून. दिवस मावळला की भेट होत नाही, त्यामुळे दोघीही तशाच परत जायच्या. मग दोन्ही गावांनी देवळात शपथ घेतली, की बहिणी भेटत नाहीत तोवर या गावच्या माणसानं त्या गावात पाऊल टाकायचं नाही. सात-आठ वर्षं झाली होती त्याला.

"आता दोन्ही गावांत ठरलंय," तात्या म्हणाले. "कोण आधी नाय, कोण मागून नाय. दोघी एकाच टायमाला साकवावर. त्यासाठी कुणी कधी निघायचं, ते तुमी हिशोब करून सांगायचं. तुमी घाटावरचे. तुमाला दोन्ही देवी सारख्याच."

"चांगला विचार आहे," मी म्हणालो.

तात्यांनी बांगड्यांचं पुडकं माझ्याकडे सरकवलं. इकडे तिकडे बघितलं. "फक्त आपली जराशी मागून आली तर बघा. अगदी जराशी."

संध्याकाळी उंबरगाणीचे मानकरी आबा शिगवण आले. शाळा वर सड्यावर, दोन्ही गावांबाहेर, एसटीच्या रस्त्याला. तिथं दोन्ही गावची माणसं येऊ शकायची. त्यांनी रुमालात ओले काजू आणले होते. त्यांचंही म्हणणं तेच, आणि जाताना त्यांनीही इकडे तिकडे बघितलं.

"आमची इतकीशी मागून," ते म्हणाले, आणि बोटाच्या पेरानं दाखवलं किती.

मी दोघांनाही ठणकावून सांगितलं, की विज्ञानात असली लबाडी चालत नाही. बांगडे आणि काजू मात्र ठेवून घेतले. भाजून खाल्ले, उत्तम होते.

रात्री जेवताना मी काकींना ही गंमत सांगितली. त्या हसतील असं वाटलं होतं. त्यांनी ताटातला हात थांबवला.

"गुरुजी, खरंच जमंल काय हिशोब?"

"न जमायला काय झालं?"

"माझ्या सुरंगीला सातवा लागलाय."

सुरंगी त्यांची एकुलती लेक, उंबरगाणीत दिलेली. लग्न झालं आणि पुढच्याच शिमग्याला हे भांडण लागलं. तेव्हापासून ती माहेरी आली नव्हती. आई पऱ्ह्याच्या या काठाला कपडे धुवायची आणि लेक त्या काठाला, एवढीच त्यांची भेट. पहिल्या खेपेला सुरंगीचं बाळंतपण सासरीच झालं. बाळ दगावलं. काकींना निरोप मिळाला तेव्हा त्या साकवापर्यंत गेल्या आणि शपथेपायी तिथंच उभ्या राहिल्या. पलीकडून रडण्याचा आवाज येत होता, एवढंच त्यांनी मला सांगितलं.

"या खेपेला तिला इथं आणायची," काकी म्हणाल्या. "तिची सासू म्हणते, बहिणी भेटल्या तर खुशाल घेऊन जा. नाय भेटल्या तर नाय. शिमगा गेला की मग पोर अवघडते, तिला हलवता येणार नाय."

मी बांगडा खायचा थांबलो. तोवर माझ्यासाठी ती एक मजाच होती.

दुसऱ्या दिवसापासून मी कामाला लागलो. अंतर मोजणं सोपं होतं. शाळेतला दोर घेऊन देऊळ ते साकव असं दोन्ही बाजूंनी मोजून आलो. अडचण वेगाची होती. देवीची रूपं, म्हणजे मुखवटे, शिमग्याशिवाय पालखीत बसत नाहीत आणि वजन नसलं तर भोयांना नेहमीसारखं चालता येत नाही. देवळाच्या माळ्यावर एक जुनी पालखी होती ती तात्यांनी उतरवली. आता तिच्यात वजनाला काय ठेवायचं? देवीच्या भाराचं, गोलसर, हलणार नाही असं काहीतरी हवं होतं. ते काकींच्या छपरावर होतं. लाल भोपळा. दोन माणसांनी मिळून उतरवला तेव्हा त्याच्याबरोबर चार कौलं आली.

पालखीत उघडा भोपळा बरा दिसेना म्हणून तात्यांनी त्याच्यावर हिरवं खणाचं कापड घातलं. आणि तिथंच सगळं बिघडलं.

पालखी निघाली. मी गळ्यात शाळेचं स्टॉपवॉच घालून मागे. ढोल नको म्हटलं होतं, पण ढोलाशिवाय भोयांचा पाय पडेना, म्हणून एक ढोल घेतला. ढोल वाजल्याबरोबर पहिल्या घरातून म्हातारी बाहेर आली.

"यंदा रूपं लवकर लागली काय वो?"

"नाय गो आजी, भोपळा हाय," तात्या म्हणाले. "मोजमाप चाललंय."

म्हातारीनं पालखीकडे बघितलं. हिरवा खण, वर गोंडे, बाजूला तात्या मांडवकर स्वतः. "असंल भोपळा," ती म्हणाली, "पण दारात आलेली पालखी रिकामी कशी पाठवू?" आणि आत जाऊन नारळ घेऊन आली.

तिनं नारळ दिला म्हणून शेजारणीनं दिला. शेजारणीनं हळदकुंकू लावलं म्हणून पलीकडचीनं फुलं वाहिली. भोपळा आहे हे सगळ्यांना माहीत होतं. कुणी फसलेलं नव्हतं. पण पालखी ती पालखी. भोयांनाही चेव चढला, ते प्रत्येक अंगणात पालखी नाचवू लागले. एकाच जागी, गोल गोल, वर खाली. माझं घड्याळ चाललेलं आणि अंतर शून्य.

त्याहून वाईट पुढे होतं. कुठल्याही अंगणात एखादी बाई ओटीचं ताट घेऊन उभी राहिली, की नाचणारी पालखी एकदम तिच्याकडे धाव घ्यायची. धाव म्हणजे खरोखरची धाव. मी मागे पळून पळून बेजार झालो.

"तात्या, यांना सांगा सारखं चालायला."

"ते जमायचं नाय. ओटी घेऊन बाई उभी राहिली की देवीनं तिला ताटकळत ठेवायची नाय. आमच्याकडं तशीच चाल हाय, आणि पलीकडं पण. आता सांगून खांदा ऐकत नाय."

"अहो पण भोपळा आहे तो."

"खांद्याला काय ठावूक?"

काकींचं घर आलं. काकी दारात ताट घेऊन उभ्या. पालखी धावतच गेली त्यांच्याकडे. त्यांनी भोपळ्याला कुंकू लावलं, खण, तांदूळ, नारळ घालून ओटी भरली.

"काकी, तुमचाच भोपळा आहे हा," मी धापा टाकत म्हणालो.

"ठावूक हाय. परवाच त्याला शिव्या घातल्या, कौलं दाबतो म्हणून. आता पालखीत बसला, मान द्यायला नको?" मग त्यांनी डोळे मिटले आणि हात जोडून हळूच म्हणाल्या, "माझ्या लेकीला घरी आण. तुला कधी कापायची नाय."

ढोलवाल्यानं ढोल थांबवला. मग तात्यांनीच गाऱ्हाण्याच्या सुरात "होय महाराजा" म्हटलं आणि आम्ही पुढे निघालो.

साकवावर पोचायला दुपार झाली. मी दगडावर बसून भागाकार केला आणि तात्यांना सांगितला.

तात्यांनी विचार केला. "म्हंजे नाचत होती तेव्हा ह्या वेगानं नव्हती."

"नाही, तेव्हा शून्य."

"धावली तेव्हा?"

"तेव्हा याच्या कितीतरी जास्त."

"मग ह्या वेगानं ती कधी चालली?"

"कधीच नाही. हा सरासरी आहे."

तात्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. "ज्या वेगानं कोणच कधी चाललं नाय, तो काढायला शाळा लागते होय?" असं म्हणून त्यांनी बिडी पेटवली.

उंबरगाणीच्या लोकांना भोपळ्याची बातमी आधीच लागली होती. त्यांचा भोपळा तर आमचा फणस, असं म्हणून आबांनी पालखीत अर्धाकच्चा फणस बसवला होता. त्याचीही ओटी भरली गेली. देवीपुढे गाऱ्हाणं घालावं तसं त्या फणसाकडे बघून दोन जावांनी एकमेकींच्या कागाळ्या सांगितल्या. मी आता हरकत घ्यायचं सोडलं होतं. घड्याळ लावायचो, बंद करायचो, भागाकार करायचो. दोन्ही पालख्यांनी देवळातून कधी निघायचं ते काढलं आणि दोन्ही मानकऱ्यांना समोर बसवून सांगितलं. मध्ये कुणी लबाडी केली तर मी बार्शीला निघून जाईन, अशी धमकीही दिली. ती ऐकून दोघंही थोडे खूश झाल्यासारखे वाटले.

भेटीचा दिवस आला. मी दाभीळखोलच्या काठाला साकवाजवळ उभा राहिलो. साकव म्हणजे दगडी खांबांवर टाकलेल्या फळ्या, कडेला बांबूचा कठडा, दोन पालख्या समोरासमोर जेमतेम मावतील एवढा. काकी माझ्या आधीच येऊन बसल्या होत्या. मांडीवर जुगाईच्या ओटीचं गाठोडं, हातात काठी. पलीकडच्या काठाला एका दगडावर सुरंगी बसलेली. शेजारी नवरा, मागे सासू, पायाशी पत्र्याची ट्रंक. पोट चांगलंच दिसत होतं. तिनं आईकडे बघून हात हलवला नाही. नुसती बघत राहिली.

आणि मग, काय सांगू, माझा हिशोब बरोबर आला. दोन्ही उतारांवर दोन्ही पालख्या एकदमच दिसल्या. या वळणावर जुगाई, त्या वळणावर पावणाई. एवढ्या भोपळ्या-फणसातून, नाचातून, धावण्यातून भागाकार सुखरूप बाहेर पडला होता.

"काकी, आल्या बघा. बरोबर एकाच वेळी."

काकींच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी काठी टेकून उठायला सुरुवात केली.

साकव थोड्या अंतरावर राहिला आणि दोन्ही पालख्या थांबल्या.

थांबल्या असं म्हणता येणार नाही. दोन्ही नाचू लागल्या. एकाच जागी. गोल, वर, खाली. ढोल घुमत होते, ताशे कडकडत होते, गुलाल उडत होता, आणि कुणी एक वीतही पुढे येत नव्हतं. दोन्ही गावांनी मनाशी 'जराशी मागून' ठरवलेलंच होतं. मी तात्यांकडे धावलो.

"तात्या, पुढे चला."

"देवी नाचतेय, तिला कसं सांगू?" तात्या म्हणाले, पण माझ्या डोळ्याला डोळा देईनात. "ते किती आले बघा जरा."

"ते तिथंच आहेत."

"मग आमी पण हितंच."

थोड्या वेळानं पावणाई नाचता नाचता दोन पावलं मागे गेली. ते बघून जुगाई तीन पावलं मागे आली. मी नववीच्या पोरांना शिकवलं होतं की वेग शून्याच्या खाली जात नाही, आणि माझ्या डोळ्यांसमोर दोन देवी मागे मागे चालल्या होत्या. भोई बदलत होते, घामानं निथळत होते. पलीकडे आबा शिगवण कमरेवर हात ठेवून उभे. ऊन माडांच्या शेंड्यांवर चढलं. दिवस मावळायला आला होता.

पलीकडे सुरंगीच्या नवऱ्यानं ट्रंक उचलली.

काकी माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

"गुरुजी, ह्यांचा वेग किती आला?"

"शून्य," मी म्हणालो. "शून्यच आला, काकी."

"आणि माझा किती?"

"दीड किलोमीटर. ताशी."

"मग माझाच बरा," काकी म्हणाल्या. त्यांनी पायातल्या चपला काढल्या आणि माझ्या डाव्या हातात दिल्या. काठी उजव्या हातात दिली. "हे धरा. दोन्ही नीट धरा, खाली ठेवू नका." आणि गाठोडं छातीशी धरून त्या साकवावर चढल्या.

"भागीरथीकाकी!" तात्या ओरडले. "शपथ हाय!"

"पलीकडच्या गावात पाऊल टाकायचं नाय अशी हाय," काकी मागे न बघता म्हणाल्या. "अर्धा साकव आपला हाय."

त्यांना कठडा धरून चालताना बघणं कठीण होतं. एक पाऊल, मग थांबणं, मग दुसरं. फळ्या वाजत होत्या. पलीकडे सुरंगी उठली. तिच्या सासूनं पदर धरला, तो तिनं सोडवला. "अर्धा आपला हाय," असं तीही म्हणाली असणार, मला ऐकू आलं नाही. एक हात पोटावर ठेवून ती साकवावर आली. दोन्ही गावांतली सगळ्यात हळू चालणारी दोन माणसं एकमेकींकडे निघाली होती, आणि ढोलवाल्यांचे हात आपोआप मंद झाले.

मधोमध त्या भेटल्या. काकींनी लेकीच्या तोंडावरून हात फिरवला. दोघीही रडल्या नाहीत, निदान मला तसं दिसलं नाही. मग काकींनी गाठोडं सोडलं. देवीसाठी आणलेला खण, तांदूळ, नारळ हातात घेतले.

"पदर पुढं कर," त्या म्हणाल्या.

आणि भर साकवावर लेकीची ओटी भरायला लागल्या.

जुगाईचे भोई एकदम सुटले. कुणी हुकूम दिला नाही. तात्या "अरे, अरे" म्हणेपर्यंत पालखी माझ्या कानाजवळून वारा घालत साकवावर गेली. ओटी दिसली की खांदा ऐकत नाही. त्याच वेळी पलीकडून पावणाई सुटलेली, आबा मागे धोतर सावरत. साकव करकरला. दोन्ही पालख्या दोन्ही बाजूंनी मायलेकींवर धावत आल्या, त्यांच्या डोक्यावरून दांडीवर दांडी आपटली, आणि तो आवाज पऱ्ह्याच्या दोन्ही काठांनी ऐकला.

दोन्ही गावं एका आवाजात "होय महाराजा" म्हणाली. म्हातारे रडत होते. दोन्हीकडचे भोई गुलालात एकमेकांच्या गळ्यात पडले होते. सात-आठ वर्षांत न दिसलेल्या बहिणी, मामा, आत्या साकवाच्या दोन्ही तोंडांना दाटी करून उभ्या होत्या.

हे सुख फार तर बिडी विझेपर्यंत टिकलं.

"पण मागून कोणाची आली?" गर्दीतून कुणीतरी विचारलं.

"आमची."

"तुमची कशी? आमची."

"गुरुजी होते ना घड्याळ घेऊन. गुरुजींना विचारा."

दोन्ही गावं माझ्याकडे वळली. तात्या आले, आबा आले. गळ्यात स्टॉपवॉच लोंबत होतं आणि काटा खुशाल फिरत होता. मी ते बंदच केलं नव्हतं. माझ्या डाव्या हातात काकींच्या चपला होत्या आणि उजव्या हातात काठी.

"मोजलं नाही," मी म्हणालो. "हात रिकामे नव्हते."

"डोळे तर होते," आबा म्हणाले.

मी तोंड उघडलं. तेवढ्यात साकवावरून काकींचा आवाज आला. त्या लेकीच्या खांद्यावर हात टाकून सावकाश परत येत होत्या.

"आबा, घरात पोर रडलं तर आधी कोण धावतं? थोरली का धाकटी?"

"थोरली," आबा म्हणाले. बोलून गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं.

सगळे विचारात पडले. तात्यांनी मान हलवली. तेच सगळ्यांत आधी सावरले.

"मग आमचीच आधी धावली," ते म्हणाले.

"कशी वो? आमची आधी!"

आणि दोन्ही गावं नव्यानं भांडायला लागली, या वेळी उलट बाजूनं. पण ते भांडण वेगळं होतं. ते भांडत भांडत एकमेकांच्या गावात जेवायला गेले. पुढच्या वर्षीपासून दोन्ही पालख्या देवळातून निघाल्यापासून इतक्या जोरात पळू लागल्या, की साकवाला लोखंडी कठडे घालावे लागले. मी तिथं होतो तोवर दर शिमग्याला दोन्ही मानकरी यायचे. बांगडे आणि काजू घेऊन. "आपली जराशी आधी पोचली तर बघा," म्हणायचे.

सुरंगीची ट्रंक मीच उचलून आणली. वैशाखात तिला मुलगी झाली. बाळ चांगलं ओरडायचं, माझ्या खोलीपर्यंत ऐकू यायचं. भिंत मध्ये असून मला वह्या तपासता यायच्या नाहीत, पण तक्रार करायची माझी छाती नव्हती.

बारशाच्या दुसऱ्या दिवशी मी काकींची काठी घेऊन स्वयंपाकघरात गेलो. साकवावरून आल्यापासून ती माझ्याच खोलीत राहिली होती, त्यांनी मागितली नव्हती. त्या चुलीपुढे बसून बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू वळत होत्या.

"काकी, काठीशिवाय चालता येतं तुम्हाला?"

"कुठं येतं? भिंती धरून चालते."

"मग साकवावर माझ्या हातात का दिलीत?"

काकींनी हातातला लाडू वळून ताटात ठेवला.

"तुमच्या गळ्यात घड्याळ होतं," मग त्या म्हणाल्या. "तुमी खोटं बोलायचे नाय. आणि त्या दिवशी कुणी खरं सांगितलं असतं ना गुरुजी, तर माझी पोर परत गेली असती."

मी काठी भिंतीला टेकवून ठेवली.

"आणि तुमीही चांगलं मन लावून मोजलंत म्हणून त्या दोघी तिथवर आल्या," त्या म्हणाल्या आणि एक लाडू माझ्या हातावर ठेवला. "नुसते खाऊन जाऊ नका. आधी त्याला नमस्कार करा."

त्यांनी वर बोट दाखवलं. माळ्यावर, मडक्यांच्या रांगेत, हिरव्या खणासकट भोपळा बसला होता. कुंकू वाळून त्याच्या अंगावर काळपट झालं होतं. शेजारच्या खोलीत बाळ रडायला लागलं आणि सुरंगीचा 'ओ ओ' असा आवाज आला.

मी विज्ञानाचा शिक्षक. लाडू डाव्या हातात घेतला, उजवा हात कपाळाला लावला आणि भोपळ्याला नमस्कार केला.